कायरोप्रॅक्टिकची पदवी तर मिळाली. आता 'आजचे किती?' याचं उत्तर द्या

माझ्या पहिल्या नोकरीतला पहिला पेशंट आयोवातला मक्याचा शेतकरी होता. सत्तरीचा, निळी डांगरी, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. ट्रॅक्टरवरून उतरताना कंबर धरली म्हणाला. मी सगळी विचारपूस केली, रिफ्लेक्स पाहिले, पाय उचलून पाहिला, मग कुशीवर वळवून एक अ‍ॅडजस्टमेंट केली, म्हणजे मणक्याला हातानं एक नेमका झटका दिला. तो उठला, दोन पावलं चालला आणि म्हणाला, बरंय की. मला आभाळ ठेंगणं झालं. तेवढ्यात त्यानं पाकिटातून मेडिकेअरचं, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्याचं, कार्ड काढलं आणि विचारलं, "आजचे किती?"

मला सांगता येईना. साडेतीन वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. फ्रंट डेस्कवर कैक वर्षं बसणाऱ्या बाई खुर्चीतून उठल्या, माझ्याकडे न बघता त्याला म्हणाल्या, "इकडे या, मी सांगते." संध्याकाळी त्यांनी एका पिवळ्या कागदावर मला चार आकडे आणि दोन अक्षरं लिहून दिली. तो कागद पुढे येईलच.

मी महाराष्ट्रातून बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, करून आले आणि इथे डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक, म्हणजे डीसी, झाले. कायरोप्रॅक्टिक म्हणजे मुख्यतः मणका हातानं अ‍ॅडजस्ट करून उपचार करायची शाखा. 'फिजिओनंतर डीसी करू का, आणि केल्यावर थेट कामाला लागता येतं का?' असे मेसेज गावाकडच्या ज्युनिअर मंडळींकडून सतत येतात. एकेकाला उत्तर देण्यापेक्षा इथे क्रमानं लिहिते. सगळं अमेरिकेबद्दल आहे. इंग्लंड, ऑस्ट्रेलियाचे नियम वेगळे.

१. कॉलेज काय देतं, काय देत नाही, हे आधी समजून घ्या

कॉलेजची निंदा करायची नाही. डीसीला किमान ४,२०० तासांचं शिक्षण लागतं आणि त्यातलं शरीररचना, एक्स-रे वाचन, निदान हे भक्कम असतं. बीपीटीला आपण मणका शिकलो असं मला वाटायचं. इथे पहिल्या सत्रात तो समज उतरला. हातही तयार होतो. डायव्हर्सिफाइड (नुसत्या हातानं करायची पद्धत), थॉम्पसनचं खटकन खाली पडणारं टेबल, अ‍ॅक्टिव्हेटर (हलका ठोका देणारं हातातलं उपकरण), कॉक्सचं कंबर ताणणारं टेबल, सगळ्यावर सराव होतो.

पण सराव कोणावर? एकमेकांवर. वर्गातली मुलं, त्यांच्या बायका, रूममेट. पंचविशीतली, जिमला जाणारी, लवचीक माणसं. स्टुडंट क्लिनिकमध्ये बाहेरचे पेशंट येतात, पण ठरलेला आकडा पूर्ण करायची घाई असते, म्हणून तिथेही शेवटी ओळखीपाळखीतलेच जास्त. प्रत्येक फाइलवर वरिष्ठांची सही असते. चूक झाली तर ते धरतात, आणि पैशाचं खिडकीवर दुसरंच कोणीतरी बघतं. त्यामुळे हात तयार होतो, निदान बऱ्यापैकी तयार होतं; एकटीनं निर्णय घेणं आणि त्या निर्णयाचा हिशेब कागदावर मांडणं, हे दोन्ही कोरं राहतं.

यावर मला सापडलेला एकच उपाय म्हणजे शेवटच्या सत्रात बाहेरच्या क्लिनिकमध्ये प्रिसेप्टरशिप घेणं, म्हणजे अनुभवी कायरोप्रॅक्टरच्या हाताखाली काम करणं. घेताना एक अट घाला: आठवड्यातला एक दिवस मी फ्रंट डेस्कवर बसेन. वर्गमित्र हसतील, हसू द्या.

बीपीटीवाल्यांसाठी एक जोड: मूलभूत विषयांचे काही क्रेडिट धरले जाऊ शकतात, पण ते कॉलेजच्या मर्जीवर. प्रवेशाची फी भरण्याआधी लेखी घ्या. फोनवरचं 'हो, होईल' पुढे कोणाला आठवत नाही.

२. परीक्षा आणि लायसन्स

एनबीसीईच्या, म्हणजे कायरोप्रॅक्टर्सच्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या, परीक्षांचे चार भाग. पहिला मूलभूत विज्ञानाचा, दुसरा क्लिनिकल विषयांचा, तिसरा लेखीच पण केसवर आधारित, चौथा प्रात्यक्षिक: एक्स-रे, तंत्र आणि समोर बसवलेल्या नकली पेशंटची केस. शिवाय फिजिओथेरपीची वेगळी परीक्षा आहे. ती नावाला ऐच्छिक, पण बरीच राज्यं ती मागतात. आपण बीपीटी आहोत म्हणून तिच्यातून सूट नाही. मला आधी राग आला होता.

परीक्षा देशभर एक, लायसन्स मात्र प्रत्येक राज्याचं निराळं. काय करता येईल याची हद्दही निराळी: न्यू मेक्सिकोत जादा प्रमाणपत्र घेतलं तर ठरावीक औषधं देता येतात, बहुतेक ठिकाणी एकही गोळी लिहिता येत नाही. बऱ्याच राज्यांत तिथल्या कायद्याची छोटी परीक्षाही असते. राज्य आधी ठरवा, अर्ज मग.

सापळा: व्हिजिटिंग कार्डावर डीसीपुढे 'पीटी' किंवा 'फिजिकल थेरपिस्ट' छापू नका. भारतातली बीपीटी खरी आहे, पण इथे पीटीचं लायसन्स नसताना ते बिरुद लावणं बेकायदेशीर आहे. नातेवाइकांनी कौतुकानं केलेल्या वेबसाइटवरही नको.

३. व्हिसावर असाल तर कॅलेंडर उघडून बसा

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकत असाल तर पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे आपल्या विषयात काम करायच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात. संगणकवाल्या मित्रांना वरचे २४ महिने मिळतात, आपल्याला नाही. ते विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ठरलेल्या पदव्यांना मिळतात, आपली पदवी त्या यादीत नाही. अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहिलात तर ओपीटी धोक्यात येतं.

आता यात हे मिळवा: लायसन्स हातात येईपर्यंत पेशंटला हात लावता येत नाही, आणि विमा कंपन्यांच्या यादीत नाव चढायला त्यापुढे सहज तीन-चार महिने जातात. म्हणजे १२ महिन्यांतले पाच-सहा कागदांतच गेले. म्हणून चौथ्या भागाची परीक्षा आणि राज्याचा अर्ज पदवीआधी उरकता येईल तितका उरका. माझ्या बॅचमधल्या एका गुजराती मुलानं 'आधी पदवी, मग निवांत' असं केलं. हुशार मुलगा, हात माझ्यापेक्षा चांगला. ओपीटी संपताना त्याचं पेशंटवरचं काम जेमतेम दोन महिने झालं होतं.

४. कागदपत्रं

एका फोल्डरमध्ये, स्कॅन करून आणि कागदावरही:

- डीसीची गुणपत्रकं (कॉलेजनं थेट बोर्डाला, म्हणजे लायसन्स देणाऱ्या राज्याच्या मंडळाला, पाठवायची, तुमच्या हातची बहुधा चालत नाही)
- एनबीसीईचे निकाल, तेही थेट
- बीपीटीची पदवी, गुणपत्रकं आणि त्यांचं अमेरिकी समकक्ष मूल्यांकन
- महाराष्ट्रातल्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेत नोंदणी असेल तर तिचं प्रमाणपत्र आणि 'तक्रार नाही' असं पत्र
- बोटांचे ठसे, सोशल सिक्युरिटी, पासपोर्ट, व्हिसा
- सीपीआरचं चालू प्रमाणपत्र
- व्यावसायिक विम्याची पॉलिसी

परिषदेचं पत्र लोक विसरतात. 'आजवर कुठे कुठे आरोग्याचं लायसन्स होतं?' असा प्रश्न अर्जात असतो, आणि मुंबईहून पत्र यायला वेळ लागतो. ते पहिलं मागवा.

आणि नाव! आपल्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं, शेवटी कुठेतरी आईचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर आडनाव बदललेलं असेल तर तिसराच प्रकार. माझं मधलं नाव एका ठिकाणी वडिलांचं आणि एका ठिकाणी नवऱ्याचं होतं. एका विमा कंपनीनं अर्ज सात आठवड्यांनी परत पाठवला, कारण लायसन्सवर एक आणि अर्जावर दुसरं. पासपोर्टवर जसं आहे तसंच्या तसं, स्पेलिंगसकट, सगळीकडे. शंका आली तर अर्ज थांबवा, आधी नाव सरळ करा.

५. नंबर काढा

लायसन्स आलं की एनपीआय, म्हणजे उपचार करणाऱ्याचा दहा आकडी ओळख नंबर. तो सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो. 'काढून देतो' म्हणून पैसे मागणारे भेटतील, त्यांना रामराम. मग सीएक्यूएचचं प्रोफाइल. खासगी विमा कंपन्या तुमची माहिती तिथून उचलतात. दर १२० दिवसांनी 'माहिती बरोबर आहे' असं तिथे पुन्हा नोंदवावं लागतं. विसरलात तर कोणी ओरडत नाही, फक्त पैसे यायचे थांबतात.

६. मेडिकेअर: पिवळा कागद

मुख्यतः ६५ वर्षांपुढच्या लोकांचा हा सरकारी विमा, आणि कंबर, मान दुखणारी मंडळी याच वयाची. इतर डॉक्टरांपैकी बऱ्याच जणांना मेडिकेअरमधून अंग काढून घेता येतं. कायरोप्रॅक्टरला ती मुभा नाही. ज्येष्ठांवर मेडिकेअरची अ‍ॅडजस्टमेंट करायची तर नोंदणी लागतेच. अर्ज ८५५-आय, ऑनलाइन भरता येतो.

मेडिकेअर आपल्या एकाच कामाचे पैसे देतं: मणक्याची हातानं केलेली अ‍ॅडजस्टमेंट. तपासणी नाही, आपण काढलेला एक्स-रे नाही, व्यायाम नाही, मसाज नाही. पिवळ्या कागदावर बिलात लिहायचे कोड होते ते असे:

९८९४०: मणक्याचे एक-दोन भाग.
९८९४१: तीन-चार भाग.
९८९४२: पाचही भाग, म्हणजे मान, पाठ, कंबर, त्रिकास्थी, कटिर.
९८९४३: खांदा, गुडघा वगैरे. मेडिकेअर देत नाही.
एटी: ही दोन अक्षरं लावली तर 'उपचार चालू आहे, सुधारणा अपेक्षित आहे'. न लावली तर दावा फेटाळला.

शेतकऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मग असं निघतं: तपासणीचे पूर्ण पैसे त्याचे, अ‍ॅडजस्टमेंटच्या मंजूर दराचे २० टक्के त्याचे (वर्षाची ठरलेली रक्कम त्यानं आधी भरलेली असेल तर), उरलेलं सरकार. आणि हे टेबलवर झोपवायच्या आधी सांगायचं.

सुधारणा थांबली, पेशंटला नुसतं 'महिन्यातून एकदा बरं वाटतं' म्हणून यायचं असेल, तर ती देखभाल झाली. मेडिकेअर तिला पैसे देत नाही. अशा वेळी एबीएन नावाच्या, 'याचे पैसे मेडिकेअर बहुधा देणार नाही' असं पेशंटला आधीच कळवणाऱ्या फॉर्मवर सही घेऊन पैसे पेशंटकडून घ्यायचे. 'एटी लावून टाका, कोण बघतंय' असं सांगणारे सीनिअर भेटतात. बघतात. आणि सही तुमची असते.

नोंदीत चार गोष्टी तपासतात: दुखणं, असमानता, हालचालीतला फरक, स्नायूंचा ताण. यातल्या किमान दोन हव्यात, आणि त्यांत असमानता किंवा हालचाल यांपैकी एक हवीच. नेमका कोणता मणका तेही लिहा. 'कंबर अ‍ॅडजस्ट केली' एवढ्यानं भागत नाही. रोज तीच वाक्यं कॉपी करून चिकटवणं ही दुसरी मोठी चूक. तपासणीसाला बारा दिवसांच्या बारा नोंदी शब्दशः सारख्या दिसल्या की पुढचं सांगायला नको.

जत्रेत, चर्चबाहेर स्टॉल लावून 'पहिली तपासणी मोफत' ही इथली जुनी रीत. मेडिकेअरच्या माणसाला काही फुकट द्यायचं तर मर्यादा आहे: एका वेळी १५ डॉलर, वर्षात ७५. सर्रास त्यांचा हिस्सा माफ करणं हाही गुन्ह्यात जमा होऊ शकतो. आपल्याकडे 'राहू द्या काका' म्हणणं म्हणजे माया. इथे जीभ आवरा.

७. पहिला करार

बहुतेक नवे लोक कोणाच्या तरी क्लिनिकमध्ये असोसिएट म्हणून लागतात. सही करण्याआधी चार प्रश्न विचारा.

टक्केवारी कशाची? बिलाची की जमा झालेल्या पैशाची? बहुधा जमेची. तुम्ही मार्चमध्ये काम केलं, विम्याचे पैसे जूनमध्ये आले, आणि तुम्ही मेमध्ये सोडलं, तर ते कोणाचे? माझ्या करारात यावर एक ओळही नव्हती, आणि शेवटी ते माझे झाले नाहीत.

डब्ल्यू-२ (पगारी नोकर) की १०९९ (स्वतंत्र कंत्राटदार)? वेळ ते ठरवणार, टेबल त्यांचं, पेशंट त्यांचे, तरी कागदावर तुम्ही 'स्वतंत्र कंत्राटदार', असं खूप चालतं. मग सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा सगळा १५.३ टक्के कर तुमच्या खिशातून. पगाराचा आकडा मोठा दिसतो तो त्यामुळे.

सोडल्यावर किती मैलांत काम करायचं नाही? कॅलिफोर्नियात असली कलमं चालत नाहीत, इतरत्र बरीच चालतात. गावात क्लिनिकं तीन असली तर 'दहा मैल' म्हणजे गाव सोडणंच.

तुमच्यावर दावा झाला तर उपयोगी पडणारा व्यावसायिक विमा कोणता? 'ऑकरन्स' प्रकार असेल तर घटना घडली तेव्हा पॉलिसी होती एवढं पुरतं. 'क्लेम्स-मेड' असेल तर नोकरी सोडल्यावरही मागच्या काळासाठी शेपूट, म्हणजे टेल, विकत घ्यावी लागते. ती कोण भरणार हे लिहून घ्या.

वकिलाला एकदा करार दाखवायला पैसे जातात. मी वाचवले होते.

८. नाही म्हणायचा सराव करा

हे कॉलेज शिकवतं, परीक्षेत येतं, आणि तरी खऱ्या प्रसंगी जीभ अडते. समोरचा बरा व्हायला आलेला असतो, तुम्ही नवे असता, बाहेर मालक वेळ बघत असतो.

एक दिवस एक बाई आल्या, चाळिशीच्या आतल्या. मान दुखते, दोन दिवस झाले, 'अशी कधी दुखली नव्हती'. लिहिता लिहिता माझा हात त्या वाक्यावर थांबला. चक्कर? थोडी. बोलताना अडखळल्यासारखं? नवरा म्हणाला, काल रात्री जरा. मी हात लावला नाही. इमर्जन्सीला फोन केला, नोंद लिहिली, पार्किंगपर्यंत सोबत गेले. मानेतल्या रक्तवाहिनीचा पदर फाटला तर पहिलं लक्षण कधी कधी नुसती मानदुखी असते, आणि ती घेऊन माणूस नेमका आपल्याकडे येतो. चक्कर, दुहेरी दिसणं, गिळायला किंवा बोलायला त्रास, अचानक कोसळणं, चेहरा बधिर होणं, चालताना झोक जाणं: यातलं एकही नव्यानं सुरू झालं असेल तर मानेला झटका नाही. पुढे त्या बाईंना काय निघालं ते मला कळलं नाही. मालक त्या दिवशी नाराज होते, एवढं कळलं.

कंबरेच्या पेशंटला लघवीचं विचाराच. म्हातारी शेतकरी मंडळी स्वतःहून सांगत नाहीत. 'सगळं ठीक' म्हणतात आणि बायको कोपऱ्यातून मान हलवते. जांघेत, बसायच्या जागी बधिरपणा, लघवी तुंबणं, म्हणजे त्याच तासात हॉस्पिटल. सिगारेट ओढणारा, पासष्टीपुढचा पुरुष, कंबर दुखतेय पण हलवल्यानं फरक पडत नाही, तर पोटावर हात ठेवून धडधड बघा; पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलेली असू शकते.

ठिसूळ हाडांच्या आजींना वर्गमैत्रिणीसारखं वळवू नका. कॉक्स टेबल, अ‍ॅक्टिव्हेटर आहेत कशाला?

९. पॅकेज विकायची वेळ येईल

हे लिहू की नको असं झालं होतं. पहिल्या नोकरीत मला दोन पानी संहिता पाठ करायला दिली होती. पहिल्या भेटीत एक्स-रे, दुसऱ्या भेटीत तो भिंतीवर लावून 'बघा तुमची मान', मग बारा महिन्यांचं पॅकेज, आगाऊ भरलं तर सवलत. पेशंट येण्याआधीच भेटींचा आकडा छापलेला.

कायरोप्रॅक्टिकला इथे मान मिळवायला फार झगडावं लागलं. १८९५ मध्ये आयोवातल्या डॅव्हनपोर्टला या शाखेचे जनक डी. डी. पामर यांनी पहिली अ‍ॅडजस्टमेंट केली, आणि डॉक्टरांच्या संघटनेनं टाकलेल्या बहिष्काराविरुद्धचा खटला कायरोप्रॅक्टर जिंकले ते १९८७ मध्ये. २०१७ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं ताज्या कंबरदुखीसाठी औषधांआधीच्या पर्यायांत मणक्याच्या मॅनिप्युलेशनला जागा दिली, पुरावा कमी दर्जाचा आहे हे सांगूनच. एवढ्या कष्टानं मिळालेलं ते दोन पानी संहितेत घालवायचं? मी भेटींचा आकडा सहा ते आठ सांगायचे, मग पुन्हा तपासणी, फरक नसेल तर दुसरीकडे पाठवायचं. माझं 'कलेक्शन', म्हणजे क्लिनिकसाठी जमा झालेले पैसे, सगळ्यांत कमी होतं. अकरा महिन्यांत मी तिथून निघाले.

मुलाखतीला गेलात की विचारा: साध्या कंबरदुखीला तुमच्याकडे साधारण किती भेटी होतात? उत्तर झटकन आणि गोल आकड्यात आलं तर काय ते समजा.

१०. सुट्टीला घरी जाल तेव्हा

भारतात कायरोप्रॅक्टिकची स्वतंत्र नोंदणी परिषद नाही. परत जाऊन काम करायचं तर आपली ओळख फिजिओची, म्हणून बीपीटीची नोंदणी मरू देऊ नका, वेळच्या वेळी नूतनीकरण करा. इथल्या विम्याचं छत्रही बहुधा तिथे पोचत नाही.

हे सगळं घरी पटवणं कठीण. गेल्या दिवाळीत सांगलीला मावशी सोफ्यावरच आडवी झाली, "ते मोबाइलमध्ये करतात तसं कट्कन कर गं." वय ६८, हाडांची तपासणी कधी केलेली नाही, मध्येच हात बधिर होतो म्हणे. मी आधी एक्स-रे काढू म्हटलं, आणि मानेचे दोन हलके व्यायाम दाखवले. मावशीनं ते एकदाच केले. दुसऱ्या दिवशी आईला म्हणाली, एवढं अमेरिकेला जाऊन शिकली आणि हात लावायला घाबरते. एक्स-रेला मात्र आली, रिक्षाचे पैसे मी द्यायचे या अटीवर.